ओळख कोणत्या भाषेत शोधणार?
आठ-दहा जण घरी जमतात, बायबलचा उतारा वाचतात आणि ‘ख्रिस्ती म्हणून मी कोण?’ याचा शोध घेतात. यात आक्षेपार्ह काही नाही. आक्षेप आहे तो हा शोध परक्या साच्यातील प्रश्नावलीवर सोपविण्याला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते! फादर स्टीफन्स तर जन्माने इंग्रज. तरी त्यांचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. परकीयाला जे उमगले, ते येथील भूमिपुत्रांनी विसरावे काय? मराठी अभ्यासगटांनी पुढील बैठकीत बायबलशेजारी टिळकांचे अभंगही ठेवावेत.