दारू सुटल्यानंतरचे शंभर दिवस



दारूचे दुकान बंद कसे पाडायचे, हे आपल्याला कळते. मोर्चा कळतो, ग्रामसभेचा ठराव कळतो, मतदान करून बाटली आडवी करणेही कळते. पण ज्याने दारू सोडली त्या माणसाशी दुसऱ्या दिवसापासून वागायचे कसे, हे आपल्याला अजून कळलेले नाही. दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. चूक आमच्याच हातून झाली, म्हणून लिहीत आहोत.

आमचा एक जुना कार्यकर्ता. बारा वर्षे पीत होता. उपचार घेऊन गावी आला आणि तिसऱ्याच आठवड्यात आम्ही त्याला तालुक्याच्या सभेत व्यासपीठावर बसवले. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्यानेही जोरात भाषण ठोकले. अख्खा तालुका दारूमुक्त करतो म्हणाला. पुढच्या महिन्यात तो सभेला आलाच नाही. घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. झोप नाही, जेवण नाही, पोराने काही विचारले तरी अंगावर धावून जातो. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, पीत होते तेव्हा निदान कशानं चिडतात ते कळायचं. आता तेही कळत नाही." आम्ही काय केले? "मन घट्ट कर" असे सांगितले, चहा प्यायलो आणि निघून आलो. आठ दिवसांत तो पुन्हा गुत्त्यावर दिसला. मग आमच्यातलेच काही जण म्हणाले, कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच.

त्याने पुन्हा उपचार घेतले. आज त्याला चौथे वर्ष चालू आहे. खाली जे लिहिले आहे ते आम्ही त्याच्याकडून आणि त्याच्या डॉक्टरांकडून शिकलो.

पहिली गोष्ट शरीराची. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेली माणसे दिसू लागतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणून शपथ घालून खोलीत कोंडू नका. सरळ दवाखान्यात न्या. चहातून गुपचूप द्यायच्या पुडीच्या जाहिरातींनाही भुलू नका. त्यातल्या औषधावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकते.

दुसरी गोष्ट मनाची, आणि आपण चुकतो ते इथेच. दारू मेंदूला सुस्त करते. वर्षानुवर्षे हा दाब राहिला की मेंदू त्याच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू थांबते, पण तो जोर लगेच ओसरत नाही. म्हणून झोप उडते, छाती धडधडते, उगाच रडू येते, उगाच संताप येतो, कशातच गोडी वाटत नाही. हे काही आठवडे चालते, काहींच्या बाबतीत काही महिने. आम्ही शेतीशास्त्र शिकलेले. आम्हाला हे रोपांवरून समजले. वाफ्यातले रोप उपटून शेतात लावले की ते मान टाकते. म्हणून कोणी ते उपटून फेकत नाही. मुळी धरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी देतो.

उतार जसा धोक्याचा, तसा चढही. सुरुवातीला काहींना एकदम आभाळ ठेंगणे वाटते. याच भरात कोणी उसनवारी करून बोअर घेतो, कोणी भावकीशी वाटणीचा वाद उकरून काढतो, कोणी पंचायतीला उभा राहतो. आमच्या कार्यकर्त्याला आम्ही व्यासपीठावर चढवले ते याच भरात. म्हणून पहिले काही महिने जमीन, कर्ज, सोयरीक असले मोठे निर्णय पुढे ढकलावेत. सत्कारही पुढे ढकलावा.

तलफेबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती लाटेसारखी येते, बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा तिच्या आवडत्या. त्यामुळे वेळेवर भाकरी, वेळेवर झोप आणि बोलायला एक माणूस, एवढ्याने निम्मे काम होते. दुःखाच्या दिवसाइतकाच पैशाचा दिवसही जपायचा. कापसाचा चुकारा, उसाचे बिल, कांद्याची पट्टी हाती येते त्या दिवशी आणि आठवडी बाजाराला त्याच्यासोबत कोणी तरी जावे.

आणखी एक, हे जिवावरचे आहे. या काळात मन खचते तेव्हा काहींच्या डोक्यात मरणाचे विचार येतात. आपल्या घरात तर फवारणीचे औषध खाटेखालीच असते. ते कुलपात ठेवा, नाहीतर शेजाऱ्याकडे ठेवा. असा विचार पुष्कळदा थोड्या वेळापुरता असतो. तेवढ्या वेळात हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. 'मरणाचे विचार येतात का' असे स्पष्ट विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. होय म्हणाला तर एकटे सोडू नका, डॉक्टर गाठा. १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

मायबहिणींना एक सांगतो. चढउतार समजून घ्या याचा अर्थ मार सहन करा असा होत नाही. हात उचलला तर तो दारूने उचलला की दारू सुटल्याने, हा हिशेब तुम्ही करायचा नाही. घराबाहेर पडा, आम्हाला हाक मारा.

आणि घसरला तर? पुष्कळ जण घसरतात. एक पीक बुडाले म्हणून आपण शेत टाकून देत नाही. कोणत्या दिवशी, कशाने गेला ते त्याच्यासोबत बसून शोधा आणि पुन्हा दवाखान्याची वाट धरा. लाज वाटून तो लपला तर मात्र हातचा जातो.

१९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत बोलत सुटले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभे राहिले. 'फक्त आजचा दिवस' एवढाच त्यांचा निश्चय. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, तिथेही उपचार संपल्यावरच्या पाठपुराव्याला तेवढेच महत्त्व. दोन्हीकडचा धडा एकच : माणूस एकटा सुटत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचा प्रस्ताव आहे. गावात कोणी दारू सोडली की शाखेने दोन माणसे नेमावीत. पहिले शंभर दिवस त्यांतल्या एकाने रोज त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. उपदेश करू नये. "आज कसं आहे?" एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे. त्या दिवशी आम्ही चहा पिऊन उठलो नसतो तर एका घराचे एक वर्ष वाचले असते.