छत्तिसावा फोटो

आमच्या वसाहतीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा परवा घरी आला. "काका, तुमच्याकडे खांदेरीचे जुने फोटो आहेत म्हणे?" २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्या बारांत खांदेरी आहे. तेव्हापासून आमच्या पत्र्याच्या पेटीला एकदम भाव आला आहे. एरवी ही पेटी म्हणजे, आमच्या घरच्या आयुष्मतींच्या मते, कपाटातली अडगळ.

मुलाने फोटो पाहिले, खूश होऊन गेला. आम्हाला मात्र त्या रात्री झोप आली नाही. का, ते सांगण्यासाठीच आज लेखणी धरली आहे.

साल १९९४. बोनसच्या पैशातून आम्ही एक जुना झेनिट कॅमेरा घेतला होता. रशियन बनावटीचा, हातोडीइतका जड. बेटावर जायला परवानगी लागते, कारण बेट मुंबई बंदराच्या ताब्यात. आमचे साडू गोदीत नोकरीला, त्यांनी खटपट करून कागद मिळवून दिला. फेब्रुवारीतल्या एका पहाटे थळच्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांच्या होडीत बसलो. आधी उंदेरी लागते, तिच्या पुढे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी हे बेट बांधायला घेतले आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रजांची गलबते अंगावर घेऊन ते काम पुरे केले. आज नौदलाच्या एका पाणबुडीला या बेटाचे नाव आहे. लोखंडी गाड्यांवरच्या तोफा तटावर अजून उभ्या आहेत.

पण आम्ही गेलो होतो दीपगृहासाठी. १८६७ साली बांधलेला, पंचवीस मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा. मुंबईच्या तोंडाशी येणाऱ्या जहाजांना खडकांपासून दूर ठेवणारा.

दीपगृहाचा फोटो काढणे सोपे वाटते, पण ते तसे नाही. पहिली फजिती पांढऱ्या रंगाची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक भोळा असतो. समोर पांढरेशुभ्र दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो मनोरा मळकट राखाडी करून टाकतो. एक घर उजेड जास्त द्यावा लागतो. दुसरी फजिती उंचीची. पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर केला की मनोरा मागे कलंडल्यासारखा येतो. त्यावर इलाज एकच, लांब जावे. बेटावर लांब जाणार तरी किती? मागे समुद्रच! आम्ही खडकावरून मागे सरकता सरकता एक चप्पल लाटेला दिली. तिसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. अर्ध्या तासात भिंगावर मिठाची साय धरते, ती सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. आम्ही पुसली. तो ओरखडा त्या भिंगावर कायमचा राहिला.

आणि उजेडाची वेळ पाळावी. थळच्या वाळूतून खांदेरी पश्चिमेला दिसते, त्यामुळे सकाळी मनोऱ्यावर ऊन असते आणि संध्याकाळी त्याची नुसती काळी आकृती उरते. काळी आकृती कॅलेंडरवर छान दिसते, पण तिच्यात खिडक्या, गॅलरी, जिना काही कळत नाही. हल्ली मोबाईलवर सगळे सूर्यास्तच काढतात म्हणून सांगून ठेवतो.

तर मनोऱ्याखाली आम्हाला बत्तीवाले काका भेटले. पन्नाशीचे, सावंतवाडीकडचे, खाकी हाफ पँट आणि मनगटावर एचएमटीचे घड्याळ. आमचा कागद त्यांनी नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि आधी चहा ठेवला. मग जिन्याने वर नेले. वरच्या काचेच्या खोलीत दिवसाही पडदे ओढलेले. आम्ही विचारले, हे कशाला? तेव्हा त्यांनी समजावले की या भिंगाला दिवसरात्र कळत नाही. ते रात्री आतला उजेड बाहेर फेकते, तसेच दिवसा बाहेरचे ऊन आत गोळा करते, आणि पडदा नसेल तर आग लागू शकते. काचेच्या लोलकांची वर्तुळे एकाभोवती एक बसवलेली ही रचना ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसाची. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ती पहिल्यांदा लागली. हे आम्ही नंतर ग्रंथालयात वाचले. काकांना फ्रेनेल ठाऊक नव्हता, पण कुठला लोलक कधी पुसला ते ठाऊक होते. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते. किती सेकंदांनी उजेड येतो ते मोजून खलाशी जागा ओळखतो. काका रोज रात्री ते सेकंद आपल्या घड्याळावर ताडून पाहत. आम्ही तिथे भिंगाचे चार फोटो काढले.

खाली उतरताना ते म्हणाले, "माझो एक फोटो काढा हो सायबानू. आवशीक दाखवूक होयो. मी खंय रवतंय तां तिका म्हायत नाय." आम्ही म्हटले, काढतो की, शेवटचा फोटो तुमचा. पत्ता लिहून घ्यायचा, तोही तेव्हाच घेऊ.

रोल छत्तीस फोटोंचा. तीस झाले. मग तोफा, तट, वेताळाचे देऊळ, भांड्यासारखा वाजणारा दगड. होडीवाला हाका मारू लागला, भरती लागत होती. धक्क्यावर आलो तर समोर उंदेरीवर असा काही उजेड पडला की हात आपोआप उचलला गेला. खटका दाबला आणि चाप पुढे सरकेना. काका धक्क्यावर उभे होते. त्यांनी खाकी हाफ पँट बदलून धुतलेली फुल पँट घातली होती, केस ओले करून भांग पाडला होता. "पुन्हा येऊ," आम्ही म्हणालो. त्यांनी हात हलवला. पत्ता राहिलाच.

पुन्हा गेलो ते १९९७ साली, दोन रोल घेऊन. काकांची बदली झाली होती. कुठे, ते नव्या माणसाला सांगता आले नाही. त्या खेपेचे फोटो पहिल्यापेक्षा चांगले आले. मनोरा सरळ, पांढरा, मागे निळे पाणी. एका स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. ते प्रमाणपत्र आम्ही कधी भिंतीवर लावले नाही. आयुष्मतींनी कारण विचारले तेव्हा खिळा नाही म्हणून सांगितले.

आता त्या मुलाने जुन्या निगेटिव्ह संगणकावर घेतल्या आणि फोटो मोठे करून दाखवले. भिंगाच्या चारपैकी तिसऱ्या फोटोत, उजव्या कडेला, पडदा बाजूला धरलेला एक हात आहे. कोपरापासून बोटांपर्यंत. मनगटावर एचएमटीचे घड्याळ, त्यात अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. छापून आणलेल्या छोट्या फोटोत तो भाग कडेच्या पांढऱ्या पट्टीत कापला गेला होता, म्हणून इतकी वर्षे दिसला नाही.

वाचकहो, आपला हा अंक सावंतवाडी, कुडाळ, मालवणकडे जातो. आपल्यापैकी कुणाचे वडील, काका, आजोबा १९९४ च्या सुमारास खांदेरीच्या बत्तीवर नोकरीला असतील, तर या अंकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावे. हाताचा फोटो आम्ही मोठा करून ठेवला आहे. बक्षिसाचा तोही देऊ, हवा असल्यास.