हे तपासले कसे?

‘सर्व रोगांचे मूळ पोटात’ असे सांगत बाजारात चूर्ण विकणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. पोट साफ झाले की मधुमेह, दमा, संधिवात सगळे जाते, असे तो म्हणतो. त्याला एकच विचारा, “हे तपासले कसे?”

डॉक्टरांनाही हा प्रश्न चुकत नाही. काळजीमुळे व वाढलेल्या आम्लामुळे पोटात अल्सर होतो, असे पूर्वी डॉक्टरच मानत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल म्हणाले, याचे कारण एक जिवाणू आहे. कोणी ऐकेना. तेव्हा १९८४ साली मार्शल चक्क ते जिवाणू प्याले! (तुम्ही असे काही करू नका.) थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. पुढे इतरांनीही रुग्णांवर उपचार करून पडताळा घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चूर्णवाला मात्र पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. भाज्या, डाळी, ताक पोटाला चांगलेच. त्याबद्दल माझे भांडण नाही. पण लहान मुलांना बहुधा जो मधुमेह होतो, त्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. चूर्णाच्या भरवशावर अशा मुलाचे इंजेक्शन बंद केले, तर काही दिवसांतच त्याचा जीव जाऊ शकतो.