संगणक जाळ्याचे शिक्षण : वहीतून आवारात

माहिती तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला स्टार, बस, रिंग आणि मेश या रचनांच्या आकृत्या सुबक काढता येतात. ओएसआयचे सात स्तर तो खालून वर आणि वरून खाली न अडखळता म्हणून दाखवतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या शेजारी नेटवर्किंगचे प्रकरण वर्षानुवर्षे आहे आणि त्यावर गुणही चांगले मिळतात. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या हाती केबलचे एक टोक, आरजे-४५ कनेक्टर आणि क्रिम्पिंग टूल दिले, तर तो शिक्षकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. यात दोष त्याचा नाही. प्रकल्प म्हणून थर्माकोलवर चिकटवलेली आणि रंगीत दोऱ्यांनी जोडलेली प्रतिकृती आपणच स्वीकारतो, तिला शेराही आपणच देतो आणि प्रदर्शन संपले की ती कपाटावर ठेवून देतो.

नेटवर्किंग हा विषय शाळेच्या आवारात प्रत्यक्ष उभारून शिकवावा आणि त्यासाठी निवासी शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाच्या शाळेत संगणक कक्षाला पाच वाजता कुलूप लागते. निवासी शाळेत वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय, भोजनगृह आणि कार्यालय एकाच आवारात, पण वेगवेगळ्या इमारतींत असतात. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हे वाक्य पुस्तकात एका ओळीचे असते. कक्षापासून वसतिगृहापर्यंत टेप धरून अंतर मोजणाऱ्या मुलांना, मध्ये स्विच कोठे ठेवावा, त्याला वीज कोठून द्यावी आणि पावसापासून तो कसा वाचवावा, हे प्रश्न त्या एकाच ओळीतून सुचू लागतात.

या मताला आधार द्यायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच पालघर तालुक्यात खामलोली आणि भोवतालच्या गावांत मुंबईच्या आयआयटीने देशातील एक महत्त्वाचा प्रयोग केला. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या उपक्रमाचे नाव 'ग्राममार्ग'. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या, पण प्रत्यक्षात रिकाम्या पडलेल्या लहरींवरून गावात इंटरनेट नेता येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. भारतात जमिनीवरून प्रक्षेपण केवळ दूरदर्शन करते. त्यामुळे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळजवळ सर्वत्र मोकळ्या असतात, असे याच संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसून आले होते. या लहरींची लांबी जास्त असल्याने त्या झाडीतून आणि उंचसखल जमिनीवरून तुलनेने दूर पोहोचतात. पुढे हे काम जिल्ह्यातील २५ गावांपर्यंत नेताना ५.८ गिगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा वापरला गेला. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत 'ग्राममार्ग'ला पहिला पुरस्कार मिळाला. आपल्या विद्यार्थ्यांना सिलिकॉन व्हॅलीतील संस्थापकांची नावे तोंडपाठ असतात. खामलोलीचे नाव त्यांनी या संदर्भात कधी ऐकलेले नसते.

या प्रयोगातून शिकण्यासारखी पहिली गोष्ट भूगोलाची आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे होते. परंतु आपल्या भागात ग्रामपंचायत म्हणजे एक वस्ती नव्हे. ती अनेक पाड्यांची मिळून होते आणि पाडे टेकडीच्या अल्याडपल्याड विखुरलेले असतात. फायबर पंचायतीच्या कार्यालयात पोहोचले, तरी पाड्यावरच्या घरापर्यंतचे मधले काही किलोमीटर उरतातच. नेटवर्किंगच्या भाषेत याला 'मिडल माइल' म्हणतात. आपल्या वसतिगृहांतील अनेक मुले ज्या घरांतून येतात, ती घरे या मधल्या अंतराच्या पलीकडच्या टोकाला आहेत. हा धडा या मुलांइतका अन्य कोणालाही लवकर समजणार नाही.

दुसरी गोष्ट लहरींच्या स्वभावाची. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या की काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. वास्तविक लहरीला दोन टोकांमध्ये सरळ रेषेपुरती वाट पुरत नाही. मध्यावर फुगलेली, कणसाच्या आकाराची मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या अंतरात या जागेची त्रिज्या मध्यावर सुमारे ८ मीटर भरते. म्हणूनच पानगळीत बसवलेला आणि उन्हाळाभर उत्तम चाललेला दुवा पावसाळ्यात साग पालवला की कमकुवत होऊ शकतो. ही आठ मीटरची त्रिज्या विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. दहावीच्या गणितापलीकडचे त्यात काही नाही. तिसरी गोष्ट व्यवस्थेची, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. या उपक्रमाने शासन आणि खासगी क्षेत्र यांच्या जोडीला पंचायतीलाही भागीदार मानले आणि गावातीलच व्यक्तीने जाळे सांभाळावे, असा आग्रह धरला. मुंबईहून तंत्रज्ञ येईपर्यंत थांबावे लागणारे जाळे गावाच्या उपयोगाचे नसते.

आता आवाराकडे येऊ. पहिला प्रकल्प इंटरनेटविना करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एक जुना संगणक किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय घ्यावा. त्यावर किविक्स या मोफत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया उतरवून ठेवावा, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि शिक्षकांच्या टिपणांची भर घालावी आणि हे सारे आवारातील प्रत्येक संगणकावर उघडेल अशी जोडणी मुलांकडून करून घ्यावी. इंटरनेट आणि नेटवर्क हे दोन भिन्न पदार्थ आहेत, हे व्याख्येने न उमगणारे सत्य येथे एका दुपारी उमगते. अधीक्षकांना मोबाईलच्या दुरुपयोगाची जी काळजी असते, ती रास्त आहे; तिलाही या मार्गात उत्तर मिळते.

मग दोष शोधण्याचे शिक्षण. एखाद्या संगणकाने स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला, तर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्याला भेटलेला नाही, हे विद्यार्थ्याने नजरेने ओळखावे. कोणी घरून आणलेला दुसरा राउटर त्याच जाळ्यात जोडला की दोघेही पत्ते वाटू लागतात आणि अर्धा कक्ष बंद पडतो. शिक्षकांनी हा बिघाड मुद्दाम घडवावा आणि मुलांना शोधू द्यावा. १९२.१६८.१ च्या एका जाळ्यात २५४ उपकरणांना पत्ते मिळतात. वसतिगृह, कार्यालय आणि कक्ष यांची जाळी वेगळी का ठेवावीत, हा प्रश्न तेथून पुढे येतो. कार्यालयातील गुणपत्रके वसतिगृहातून उघडता कामा नयेत, एवढे कारण मुलांना पुरेसे पटते.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. जाळे सांभाळणाऱ्याला, कोण कोणत्या संकेतस्थळावर जातो, हे बरेचसे दिसू शकते. मजकूर कूटबद्ध असला, तरी स्थळांची नावे बहुधा झाकली जात नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण हा अधिकार देणार असू, तर आपल्या मित्राचे काय पाहायचे नाही, हे आयपी पत्त्यांच्या आधी शिकवावे लागेल. तांत्रिक अभ्यासक्रमांत या विषयाला जागा नसते. वर्तनाच्या शिक्षणाला ज्या शाळेत नित्यपाठाचे स्थान आहे, तेथे ती सहज मिळावी.

बोईसरच्या विद्यार्थ्याला आणखी एक पाठ्यपुस्तक उपलब्ध आहे, ते म्हणजे तारापूरची औद्योगिक वसाहत. तेथील रासायनिक, पोलाद आणि कापड कारखान्यांत यंत्रे परस्परांशी बोलतात, ती अनेकदा वायफायवरून बोलत नाहीत. आरएस-४८५ च्या पीळ दिलेल्या दोन तारा १२०० मीटरपर्यंत संदेश नेतात आणि त्यांवर १९७९ पासूनची मॉडबस ही भाषा आजही चालते. पीळ कशासाठी, तर मोटारींचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि वजाबाकीत नाहीसा व्हावा यासाठी. कक्षातील इथरनेट केबलमध्येही तोच पीळ आहे. ज्यांचे पालक या कारखान्यांत पाळीवर जातात, त्या मुलांना हे साम्य दाखवले, तर वडिलांच्या कामाकडे आणि स्वतःच्या वहीकडे ती एकाच उत्सुकतेने पाहतील. नोकरीच्या दृष्टीनेही, दोन्ही प्रकारच्या तारा ओळखणारा तरुण येथे अधिक उपयोगी ठरेल.

खर्चाचा आक्षेप येईल. केबलचे एक वेटोळे, पन्नास कनेक्टर, एक क्रिम्पिंग टूल, एक टेस्टर आणि आठ पोर्टचा स्विच यांची किंमत एका नव्या संगणकाहून कमी भरते. देणगीदार संगणक देतात, कारण त्यावर नाव लिहिता येते. केबलच्या वेटोळ्यावर नाव लिहिता येत नाही. संस्थेने ही गोष्ट देणगीदारांना समजावून सांगावी. छतावरचे काम मात्र प्रौढांच्या देखरेखीखाली, पावसाळा सोडून आणि अर्थिंग करूनच व्हावे; येथे काटकसर नको.

शिक्षक बदलून गेले की प्रकल्प मरतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. यासाठी कक्षात एक नोंदवही असावी. कोणती तार कोठून कोठे जाते, कोणता पत्ता कोणाला दिला, कोणत्या तारखेस काय बंद पडले आणि ते कोणी कसे सुरू केले, हे मराठीत लिहिलेले असावे. नववीच्या दोन आणि अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांकडे ती राहावी आणि जूनमध्ये नवे चौघे येताच जुन्या चौघांनी आवारभर फिरून प्रत्येक तार दाखवून ती सुपूर्द करावी.