इंग्रजीची जावक वही

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने मुळशी तालुक्यात शिरले की भूगाव, पिरंगुट, पौड अशी बाजाराची गावे एकामागून एक लागतात. या पट्ट्यातील पेढ्यांवर बोलणे मराठीत चालते, घरात मारवाडी वा गुजराती असते. परंतु कारखान्यांच्या खरेदी विभागाशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागतो. समजा, एखाद्या पेढीला विचारणा आली की मालाचे काय झाले. पेढीवरील तरुण मनात मराठी वाक्य जुळवतो, ‘माल काल पाठवला होता’, आणि त्याचेच इंग्रजी करून धाडतो: ‘वुई हॅड सेंट आउट द गुड्स यस्टर्डे.’

मराठी कानाला यात काहीच खटकत नाही. इंग्रजी वाचणारा मात्र अडखळतो. ‘हॅड सेंट आउट’ म्हटले की पुढे आणखी काही घडल्याची तो वाट पाहतो. पाठवला होता, मग? परत आला? वाटेत अडकला? कारण इंग्रजीत ‘हॅड’ एकट्याने उभे राहत नाही. भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय झाले, एवढेच ते सांगते. मराठीतील ‘होता’ला असा आधार लागत नाही. म्हणून नुसते ‘सेंट आउट यस्टर्डे’ एवढे पुरे होते.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. ‘माल कालच पाठवला आहे’ हे उत्तम मराठी आहे. ‘हॅव सेंट आउट यस्टर्डे’ हे मात्र इंग्रजीत चालत नाही. व्यापारी घरांना याचे कारण वह्यांवरून लवकर उमजेल. साधा भूतकाळ म्हणजे रोजमेळातील नोंद: तिच्यावर तारीख असते. ‘हॅव’चा काळ म्हणजे आजची शिल्लक: व्यवहार केव्हा झाला ते ती सांगत नाही, आज हाती काय आहे तेवढे सांगते. शिल्लकेपुढे कालची तारीख घालणारा मुनीम जसा चुकतो, तसेच हे वाक्य चुकते. तारीख सांगायची असेल तर ‘सेंट आउट’, तारीख नको असेल तर ‘हॅव सेंट आउट’.

बाहेर जाण्याच्या क्रियापदांत सर्वाधिक घोटाळा ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांचा होतो. शेठ दुकानात नाहीत, बाहेर गेले आहेत: ‘हॅज गॉन आउट.’ शेठ बाहेर जाऊन आले, आता गादीवर बसले आहेत: ‘हॅज बीन आउट.’ गिऱ्हाइकाने थांबावे की परत जावे, हे या एका शब्दावर ठरते. पुढे कालावधी जोडला की अर्थ पुन्हा पालटतो. ‘हॅज बीन आउट फॉर टू अवर्स’ म्हणजे दोन तास झाले, अजून परतले नाहीत. ‘हॅज गॉन आउट फॉर टू अवर्स’ म्हणजे दोन तासांकरिता म्हणून गेले आहेत. गेल्याला कदाचित पाचच मिनिटे झाली असतील.

यात्रेविषयी बोलताना ही चूक फार दिसते. ‘मी पालिताण्याला गेलो आहे’ या वाक्याने मराठी माणूस आपला अनुभव सांगतो. त्याचे ‘आय हॅव गॉन टू पालिताणा’ केले, तर समोर बसलेला वक्ता त्याच क्षणी शत्रुंजयावरही आहे, असा चमत्कार घडतो. तेथे ‘आय हॅव बीन टू पालिताणा’ हवे.

मराठीतील ‘माल निघाला आहे’ हे वाक्य बाजारात पुष्कळ ताणले जाते. टेम्पो अजून गोदामाच्या दारात उभा असतो, हमाल चहाला गेलेले असतात, आणि फोनवर माल ‘निघालेला’ असतो. ऐकणाराही ते समजून असतो. इंग्रजीतील ‘हॅज गॉन आउट’ला ही सवलत नाही. तेथे गाडीने फाटक ओलांडलेले असलेच पाहिजे, आणि लेखी उत्तर तर पुरावा म्हणून जपून ठेवले जाते. सत्याचे अणुव्रत घेतलेल्याची येथे भाषेकडूनही कसोटी लागते.

विवाहेच्छूंच्या परिचयपत्रांत हमखास आढळणारे ‘हॅज पास्ड आउट इन 2019’ हे वाक्य दोनदा चुकते. सालाबरोबर ‘हॅज’ नको, हे वर आलेच. शिवाय ‘पास आउट’ हे लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला शोभते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील दीक्षान्त संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात ते त्यामुळेच. एरवी इंग्लंड-अमेरिकेत त्याचा रूढ अर्थ बेशुद्ध पडणे. वधूपक्षाचे नातलग परदेशात असतील तर ‘ग्रॅज्युएटेड इन 2019’ बरे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत कोणी स्वतः बाहेर जात होते, किंवा निर्जीव माल बाहेर धाडला जात होता. माणसांविषयी ‘हॅव बीन’ आणि ‘आउट’ यांच्या मध्ये दुसरे क्रियापद आले, की कर्ता जात नाही, त्याला घालवले जाते. हा फरक समजून घेण्यास मुळशीहून दूर जावे लागत नाही.

निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा पन्नासहून अधिक गावांवर बुडण्याची पाळी आली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्यानेच दिली. लढा 1924 पर्यंत चालला, धरण झालेच. त्याचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवून 1927 मध्ये वीज निर्माण होऊ लागली, आणि ती मुंबईला गेली.

शाळेच्या प्रकल्पासाठी एखादी मुलगी यावर इंग्रजीत निबंध लिहीत असेल, तर ती सहज लिहील: ‘द व्हिलेजर्स हॅव मूव्ह्ड आउट.’ व्याकरण निर्दोष आहे, पण इतिहास चुकला. ‘मूव्ह आउट’ भाडेकरू करतो. खोली आवडली नाही, दुसरी घेतली. मराठीत ‘गाव उठले’ आणि ‘गाव उठवले’ यांत एका ‘व’चे अंतर आहे, आणि सगळा अन्याय त्या ‘व’मध्ये आहे. इंग्रजीत ते काम ‘बीन’ करते. ज्या ‘हॅड’ला आपण कालच्या मालापासून दूर ठेवले, त्याची खरी जागाही येथेच सापडते: ‘व्हेन द पॉवर स्टेशन ॲट भिरा ओपन्ड, मेनी व्हिलेजर्स हॅड ऑलरेडी बीन ड्रिव्हन आउट.’ वीज सुरू झाली त्याआधीच माणसे घालवली गेली होती. भूतकाळातील दोन घटना, त्यांचा क्रम, आणि घालवणे हे घालवणेच.

तरीही या वाक्यात कोणी घालवले ते येत नाही. कर्मणी प्रयोगाची ही सोय दोन्ही भाषांत आहे आणि सरकारी कागदांना ती फार आवडते. भूसंपादन 1894 च्या कायद्याखाली सरकारने केले, तेही एका खाजगी कंपनीसाठी. म्हणजे कर्ते दोन भरतात. आणखी एक पक्ष होता. मावळातील पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्यातील सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्यांच्यातील अनेकांना लढ्यापेक्षा मोबदला घेणे सोयीचे वाटले. त्यांच्याविषयी ‘हॅड सोल्ड आउट’ असे लिहिता येईल. इंग्रजीत याचा एक अर्थ आपला सगळा हिस्सा विकून मोकळे होणे, आणि दुसरा, सोबतच्यांना वाऱ्यावर सोडणे. कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा असेल, तर कोणता अर्थ लागतो हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते.

या अंकाच्या अभ्यासासाठी दोन वाक्ये. ‘चातुर्मास संपला, महाराजसाहेब विहार करून गेले आहेत.’ येथे ‘सेट आउट’ वापरावे. त्याची तिन्ही रूपे सारखीच राहतात. आणि ‘धरण झाले, तोवर गाव उठले होते.’ या दुसऱ्या वाक्यात ‘उठले’ ठेवायचे की ‘उठवले’ करायचे, ते आधी ठरवून मग इंग्रजी क्रियापद निवडावे.