गोळी मोफत, पण लपवून घ्यायची

एचआयव्हीबाधित मातेकडून बाळाला होणारा संसर्ग रोखता येतो, हे आता निर्विवाद आहे. काहीच उपाय न केल्यास गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान या काळात संसर्गाचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते पाच टक्क्यांच्या खाली येते. औषधही सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळते. तरीही अडचण उरते, कारण औषध मिळणे आणि ते रोज घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झिडोव्ह्यूडिनमुळे बाळाला होणारा संसर्ग दोन तृतीयांशाने घटतो, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. १९९९ मध्ये युगांडातील संशोधनातून नेव्हिरॅपिनचा स्वस्त मार्ग पुढे आला. प्रसूतीच्या वेळी मातेला एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला एक मात्रा, अशी ती पद्धत भारतानेही स्वीकारली. ती अपुरी होती आणि विषाणू औषधाला दाद न देण्याचा धोकाही तीत होता. पण ती गोळी रुग्णालयातच, परिचारिकेच्या देखरेखीखाली दिली जाई. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला तीन औषधांचे आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. शास्त्रीयदृष्ट्या ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे जबाबदारी रुग्णालयातून घरात आली, आणि ते घर बहुधा त्या स्त्रीच्या मालकीचे नसते.

अनेक स्त्रियांना आपल्या संसर्गाचा पत्ता गरोदरपणातील तपासणीतच लागतो. पतीला सांगावे कसे, सासरी कळले तर काय, या धास्तीतच उपचार सुरू होतात. त्यातच महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलते. नोंद मात्र सासरच्या जिल्ह्यातील केंद्रात राहते. आईला, वहिनीला डबी दिसू नये म्हणून गोळी चुकते. संपलेल्या गोळ्या आणायला जायचे तर कारण काय सांगायचे, हा प्रश्न वेगळाच.

बाळंतपणानंतर तर धोका आणखी वाढतो. विविध देशांतील ५१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार गरोदरपणात सुमारे ७६ टक्के स्त्रिया औषधे पुरेशा नियमितपणे घेत होत्या. प्रसूतीनंतर हे प्रमाण ५३ टक्क्यांवर घसरले. बाळ अंगावर पीत असताना गोळ्या चुकल्या की मातेच्या रक्तातील विषाणू वाढतो आणि बाळाचा धोकाही.

अशा स्त्रीला निष्काळजी ठरवणे सोपे आहे. उरलेल्या गोळ्या मोजल्याने खंड कळतो, त्याचे कारण कळत नाही. २०१८ मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला मनाई केली आणि गोपनीयतेला संरक्षण दिले. पण सासर-माहेरच्या नजरांपासून कायदा वाचवू शकत नाही. माहेरी जाण्याआधी पुरेशा गोळ्या हाती देणे, तिकडच्या केंद्राशी आधीच गाठ घालून देणे, तिची संमती असल्यास पतीला समुपदेशनात सामील करणे आणि प्रसूतीनंतरही पाठपुरावा न सोडणे, हे यंत्रणेच्या हाती आहे. नोंदवही केंद्रात राहते, बाई गावोगाव फिरते. उपचारांनी नोंदवहीच्या नव्हे, तर तिच्या मागे जायला हवे.