गुन्हा त्याचा, चर्चा तिची

केज तालुक्यातील नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातील बाजाराचे गाव. सकाळी वृत्तपत्रांचा गठ्ठा उतरतो, चहाच्या हॉटेलात एकाच अंकाची पाने सुटी होऊन चार बाकांवर फिरतात आणि राजकारणाच्या खालोखाल, कित्येकदा त्याच्याही आधी, वाचली जाते ती गुन्ह्याची बातमी. बातमी बलात्काराची असेल, तर वाचून झाल्याबरोबर उमटणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘पोरगी कुणाची?’’ दुसरा प्रश्न, ‘‘तिथं कशाला गेली होती?’’ ज्याने दुष्कृत्य केले तो कोण, त्याला पाठीशी कोणी घातले, गुन्हा नोंदवायला पोलिसांनी किती दिवस लावले, हे प्रश्न निघालेच तर चहा संपताना निघतात. यात नांदूरघाटचे वेगळेपण काहीच नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतील दिवाणखान्यात हीच चर्चा अधिक शुद्ध मराठीत होते, एवढाच काय तो फरक!

अशा वेळी समाजाच्या मागासलेपणावर अग्रलेख लिहून माध्यमांचे धुरीण हात झटकतात. लोकांना हवे ते आम्ही देतो, असा त्यांचा ठेवणीतला युक्तिवाद असतो. परंतु लोकांना काय हवे असावे, हे गेली चार दशके शिकवले कोणी? वाचक जे शब्द रोज वाचतो, त्याच शब्दांत तो विचार करू लागतो. म्हणून आधी मराठी मथळ्यांचा शब्दकोशच तपासला पाहिजे.

‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोग घ्या. दरोडेखोराने घर लुटले तर घरमालकाची अब्रू जात नाही. मग नराधमाच्या कृत्याने अब्रू त्या स्त्रीची कशी जाते? जाते ती त्याची. तरीही मथळा नुकसान तिच्या खात्यावर मांडतो, आणि तो वाचून मोठा झालेला बाप पोलीस ठाण्याची पायरी चढण्याऐवजी मुलीला मामाच्या गावी धाडून देतो. ‘अतिप्रसंग’ हा दुसरा शब्द. प्रसंग होता, तो जरा अति झाला, असा त्याचा ध्वनी! आणि ‘नराधम’ हा शब्द संतापाचा असला तरी तोही निर्दोष नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या एका वर्षात देशभरात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले. या विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत की, दर दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, घरोब्यातला मित्र, लग्नाचे वचन देणारा. मथळ्यातला नराधम मात्र नेहमी परका, अंधारातून येणारा, राक्षसी चेहऱ्याचा असतो. घरातल्या आईने मग कोणावर लक्ष ठेवायचे?

सर्वांत घातक शब्द म्हणजे ‘एकतर्फी प्रेम’. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा देत असलेल्या एका मुलीला परीक्षा केंद्रात शिरून जाळण्यात आले. त्या क्रौर्याला ‘एकतर्फी प्रेमातून’ असे विशेषण लागले. तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० रोजी, हिंगणघाट येथे महाविद्यालयात निघालेल्या प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवले गेले. १० फेब्रुवारीला तिने प्राण सोडला. आरोपी विवाहित होता. तरीही मथळ्यांतले शब्द तेच, ‘एकतर्फी प्रेमातून’! तीस वर्षांत दूरध्वनी बदलले, छपाईयंत्रे बदलली, संपादकांच्या तीन पिढ्या झाल्या. हा शब्द हलला नाही. ज्या भाषेने विठ्ठलाच्या भक्तीला प्रेम म्हटले, त्या भाषेत पेट्रोलच्या बाटलीलाही प्रेम म्हणायचे? चित्रपटांनी नकार देणाऱ्या नायिकेचा पिच्छा पुरवणारा नायक उभा केला आणि वृत्तपत्रांनी त्याच्या अपराधाला नाव पुरवले.

जळगावचे उदाहरण जुने, पण विसरण्याजोगे नाही. १९९४ मध्ये तेथे मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक दाखवून त्यांचे शोषण करणारी टोळी उघडकीस आली. वृत्तपत्रांनी त्याला नाव दिले ‘वासनाकांड’. किती मुली, याचे आकडे दिवसागणिक वाढत गेले. जणू लिलावच चालला होता! परिणाम काय झाला? जळगावची मुलगी म्हटले की संशयाने पाहिले जाऊ लागले. ज्यांनी साक्ष द्यायची, त्यांनी दारे लावून घेतली. न्यायालयापर्यंत गेलेले खटले मोजकेच होते आणि बहुतेक आरोपी सुटले. तपासातील त्रुटींचा वाटा त्यात होताच, पण साक्षीदारांचे धैर्य खचवणाऱ्या मथळ्यांचा वाटा कोणी मोजला?

२००६ च्या सप्टेंबरअखेरीस भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांतून पसरले ते ‘अनैतिक संबंध’ हे कारण. मृत स्त्रीचे चारित्र्य एका ओळीत निकालात निघाले, आणि उर्वरित महाराष्ट्र जवळजवळ महिनाभर निवांत झोपला. हिंदू समाजाच्या एकात्मतेची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने मान खाली घालावी अशी ही घटना. त्या एका शब्दाने जी झोप पुरवली, तिचा जाब मात्र कोणत्याही संपादकाला कोणी विचारला नाही.

याच भूमीत बातमी कशी द्यावी याचा एक जुना वस्तुपाठ आहे. रांझे गावच्या पाटलाने बदअमल केला म्हणून शिवरायांनी त्याचे हातपाय तोडविले, हा प्रसंग शाळेतील मुलेही सांगतात. १६४६ च्या त्या पत्रात पाटलाचे नाव आहे, बापाचे नाव आहे, आडनाव आहे, गाव आहे, शिक्षाही आहे. नाही ते त्या स्त्रीचे नाव. पावणेचारशे वर्षे झाली, ती कोण होती हे कोणालाही ठाऊक नाही, आणि गुजर पाटलाचे नाव मात्र पुसले गेलेले नाही.

स्वतंत्र भारताच्या कायद्याला तिथवर पोहोचायला १९८३ साल उजाडावे लागले. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, वृत्तपत्रांनी ते उचलून धरले, आणि त्यातूनच कायदा बदलला. (माध्यमांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण, म्हणूनच पुढचे वागणे अधिक बोचते.) त्या दुरुस्तीने पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. भारतीय दंड संहितेचे ते कलम २२८-अ आज भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पीडिता बालिका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहेच. मृत पीडितेचीही प्रतिष्ठा जपली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी बजावले. त्याच वर्षी कठुआ प्रकरणात नाव छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते.

इतके सारे असूनही ऑक्टोबर २०२५ मध्ये काय घडले? बीड जिल्ह्यातील एक तरुण डॉक्टर फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात सेवेत होती. तळहातावर एका पोलीस उपनिरीक्षकाविरुद्ध बलात्काराचा आरोप लिहून तिने जीवन संपवले. दुपारपर्यंत तिचे नाव आणि छायाचित्र घराघरांत पोहोचले होते. पुढचे काही दिवस तिने कोणाला किती फोन केले, कोणाशी कोणते संदेश झाले, याचाच काथ्याकूट चालला. ज्या मुलीने शिकून डॉक्टर व्हावे म्हणून आईबापांनी खस्ता खाल्ल्या, तिच्या चितेची राख निवण्याआधी तिचे चारित्र्य चर्चेच्या पटलावर मांडले गेले. नांदूरघाटसारख्या गावांत शहरात शिकायला मुलगी धाडावी की नाही, असा विचार करणाऱ्या किती घरांनी ती चर्चा पाहिली असेल!

केज तालुक्याला तर दृश्यांच्या या बाजाराचा अनुभव ताजा आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये छळाची छायाचित्रे बाहेर आली. जनक्षोभ उसळला, एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. हे मान्य केलेच पाहिजे. पण ती छायाचित्रे एकदा दाखवून न थांबता, संगीताच्या साथीने, जाहिरातींच्या मध्ये, दिवसभर फिरवण्याचे प्रयोजन काय होते? क्रौर्य पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्यांना पुढच्या खेपेला त्याहून मोठे क्रौर्य लागते.

दुसरीकडे, जे दाखवायला हवे ते दिसतच नाही. दरवर्षी बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाशेजारच्या कोपीला दार नसते, कडी नसते. तेथे स्त्रीवर हात टाकला गेला तर ती मुकादमाची उचल फेडल्याशिवाय निघूही शकत नाही. तिच्यासाठी कोणती इंग्रजी वृत्तवाहिनी मेणबत्त्या पेटवते? दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेचा आक्रोश न्याय्यच होता. पण राजधानीपासूनचे अंतर वाढेल तशी संवेदना पातळ का होते? या स्त्रियांची बातमी द्यायची तर फडापर्यंत जावे लागते, चार दिवस राहावे लागते. स्टुडिओत सहा जणांना भांडत ठेवणे पुष्कळ स्वस्त पडते.

नांदूरघाटच्या हॉटेलात अंक वाचणाऱ्याला मुंबईच्या संपादकाचा मथळा बदलता येणार नाही, ही समजूत मात्र पूर्ण खरी नाही. पीडितेची ओळख उघड करणे हा दखलपात्र गुन्हा आहे; त्याची खबर कोणीही नागरिक देऊ शकतो. नाव छापलेला अंक आणि साध्या कागदावरचा अर्ज एवढे घेऊन केजच्या पोलीस ठाण्यात जाता येते, त्याची एक प्रत भारतीय वृत्तपत्र परिषदेला धाडता येते. गावातील वार्ताहर तर रोज त्याच बाकावर चहाला बसतो. ‘अब्रू लुटली’ हे शब्द बातमीत का घातले, असे त्याला तेथेच विचारायला टपालाचाही खर्च नाही.